अठरानंतरचं छप्पर

मानपाडा एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवलीत. खोली भाड्याने घ्यायची तर तयारी दोन्हीकडे सारखीच: डिपॉझिट, एजंटाची दलाली, अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी. वर घरमालकाचा ठरलेला प्रश्न, "घरी कोण कोण असतं?"

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाची गाडी इथेच अडते.

कायदा त्याला विसरलेला नाही. २०१५च्या बाल न्याय अधिनियमातल्या कलम ४६ मध्ये अशा मुलांसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २१ वर्षांपर्यंत, गरजेनुसार २३ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. मदत दरमहा ४,००० रुपये. एवढ्यात घोडबंदरला स्वतंत्र खोली? नावच नको! त्यापेक्षा याच अधिनियमाच्या २०१६च्या आदर्श नियमांतलं सहा ते आठ जणांचं तात्पुरतं गटनिवास अधिक व्यवहार्य.

महाराष्ट्राने २०१८मध्ये अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. चांगलंच झालं, पण नोकरी लागेपर्यंत पाठ टेकायची कुठे?

ओळखीत असा तरुण किंवा तरुणी असेल, तर त्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता जरूर द्या. आणि खोली भाड्याने देणार असाल, तर केवळ आईवडील नाहीत म्हणून त्यांना परत पाठवू नका.