पुराचें गणित आणि त्यांतील चूक

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरांत पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी शिरतें आणि पादुकांवरून दक्षिणेकडील दारानें बाहेर पडतें. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठीं भाविकांची गर्दी लोटते. पाणी याहून फार चढलें, म्हणजे मात्र पर्वणीचें संकट होतें. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं शिरोळ तालुक्यानें तें भोगलें आहे.

पाणी किती चढेल हें संगणकाकडून आधीं काढतां येतें. परंतु संगणकाला क्रमवार आज्ञा लिहून देणारा मनुष्यच असतो आणि तो चुकतो. क्वचित् यंत्रही बिघडतें. १९४७ च्या सप्टेंबरांत हार्वर्ड येथील गणकयंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला व तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. पण प्रोग्रॅममधील चूक अशी चिमट्यानें उचलतां येत नाहीं.

समजा, गणितानें वाडीस पाणी प्रत्यक्षाहून तीन फूट कमी दाखविलें. उतावळा मनुष्य नदीपात्राच्या खडबडीतपणाचा आंकडा वाढवितो. पाणी तीन फूट वर येतें आणि सारे समाधान पावतात. ही फसवणूकच, मग ती अजाणतां कां होईना! मूळची चूक तशीच राहते, आणि पुढच्या निराळ्या पुरांत लोक घरांत असतांना ती उघडी पडते.

शोध क्रमानें व्हावा. आधीं तेच आंकडे पुन्हां घालून तीच चूक पुन्हां घडवून पाहावी. मग, पाटाची गळती जशी मधोमध पाहून शोधतात, तशी वाट निम्मी करावी. वाडीच्या वर, कृष्णेवर सांगलीचा आयर्विन पूल आणि पंचगंगेवर कोल्हापूरचा राजाराम बंधारा आहे. तेथील उत्तर जुळत असेल, तर चूक त्यांच्याखालीं आहे. धोक्याची पातळी पुलाशीं ४५ फूट, बंधाऱ्याशीं ४३ फूट. परंतु दोन्ही मोजपट्ट्यांचें शून्य समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवर नाहीं. हें विसरून आंकडे तसेच घेतले, कीं संगमाचें सारें गणित बिघडतें. येथेंही चूक न सांपडली, तर पंचगंगा कोरडी धरून एकट्या कृष्णेचें उत्तर काढावें. दोन्ही नद्या स्तब्ध धराव्या. पातळी सर्वत्र एकच यावयास पाहिजे. एका वेळीं एकच बदल करावा.

दुरुस्तीनंतर मागचे सगळे पूर पुन्हां चालवून पाहावे, कारण एक भोंक बुजवितांना दुसरें पडतें. आंकडे बसविण्यास जो पूर वापरला, तो परीक्षेस धरूं नये. मोठ्या पुरांवरच भिस्त ठेवणेंही बरें नव्हे. पाणी दक्षिणद्वारांतून कोणत्या दिवशीं, कोणत्या प्रहरीं वाहिलें, हें मंदिरांत उभें राहून पाहतां येतें. त्या दिवशीं गणितानें दार कोरडें दाखविलें, तर शोध पुन्हां पहिल्या आज्ञेपासून.