शरीराचे पहारेकरी
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



एकदा गोवर निघालेल्या मुलास तो सहसा पुन्हा निघत नाही, हे आपल्या घरांतील आजीबाईंना पूर्वीपासून ठाऊक आहे. याचा ठळक पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला. तेथे १७८१ साली गोवराची साथ येऊन गेली आणि पुढे ६५ वर्षे गोवर दिसला नाही. १८४६ साली तो परतला तेव्हा सुमारे ७८०० वस्तीपैकी जवळजवळ ६००० माणसे आजारी पडली. डेन्मार्कहून पाठविलेल्या पानुम नावाच्या तरुण डॉक्टरास आढळले की, पहिल्या साथीत गोवर निघून गेलेल्या वृद्धांपैकी एकासही तो पुन्हा झाला नव्हता!

रक्तातील काही पांढऱ्या पेशी रोगजंतूची ओळख जपून ठेवतात. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे नाव आम्हा मास्तरांना आठवत नाही; या पेशींची स्मृती मात्र जन्मभर टिकू शकते. लस टोचणे म्हणजे रोग न होऊ देता हीच ओळख करून देणे होय. तान्ह्या बाळास आईकडून थोडे संरक्षण मिळते, पण ते काही महिन्यांत ओसरते. म्हणूनच आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण होताच देतात.

परंतु पहारेकऱ्याचीही कधी गफलत होते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने मुलाचा घसा सुजतो. पाच ते पंधरा या वयात विशेष. घसा बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात. या जंतूचे काही घटक आपल्या हृदयातील घटकांसारखे असल्यामुळे, जंतूवर सोडलेली अस्त्रे हृदयाच्या झडपांवरही पडतात. चोराशी चेहरा जुळला म्हणून घरच्याच माणसावर लाठी चालवावी, तसा हा प्रकार. यास डॉक्टर ऱ्हुमॅटिक ज्वर म्हणतात. सांध्यांची सूज उतरते. झडपांची इजा मात्र पुष्कळदा कायम राहते, आणि प्रत्येक नव्या हल्ल्याने वाढते.

हा पुनःपुन्हा होणारा हल्ला टाळण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. येथे थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. मुलगी हिंडूफिरू लागली की इंजेक्शने बंद करावयाची, कारण चार लोकांना कळले तर लग्न कसे जमणार, ही वृत्ती मला अक्षम्य वाटते. आकसलेल्या झडपेचे दुखणे पुष्कळदा पहिल्या बाळंतपणातच उघडकीस येते, कारण त्या काळात हृदयावरचा भार फार वाढतो. तेव्हा दोन्ही घरांची धावाधाव होते.

पेनिसिलिन काहींना सोसत नाही. तोही याच पहारेकऱ्यांचा अतिरेक. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. किती वर्षे घ्यावयाचे, हे झडपांना झालेल्या इजेवरून तेच ठरवितात. काहींना एकविसाव्या वर्षापर्यंत पुरते, तर झडपा फार बिघडलेल्यांना चाळिशीपर्यंत, प्रसंगी त्यापुढेही घ्यावे लागते.