बाकाच्या पाठीवरचं नाव

जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत गेलात, तर बाकाच्या पाठीवर कंपनीचं नाव रंगवलेलं दिसतं. या बाकांचा पैसा निव्वळ दानतीतून आलेला असतोच असं नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यांपैकी एक जरी गाठलं, तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. त्यात शिक्षण आलंच. फक्त आपल्याच कामगारांच्या मुलांना वह्या वाटल्या, तर त्या यात धरत नाहीत, हे बरंच झालं!

कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कायदा सांगतो. मग जवळ कारखानाच नसलेल्या, डोंगरातल्या पाड्यावरच्या शाळेने काय करायचं?

आणि समजा कंपनीकडून संगणक आले, फोटो निघाले, पण वीजबिल कोण भरणार? ते ठरलं नाही, की खोलीला कुलूप. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने कंपनीला द्यायच्या मागणीपत्रातच देखभालीचा खर्च मांडावा. मंजूर प्रकल्प कंपनीला संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. अर्जाआधी मुख्याध्यापकांनी ते जरूर चाळावेत.