एका मताने पडलेलं सरकार

लोकसभेला तुम्ही मत कोणाला दिलंत? नाव सांगू नका, फक्त आठवा. ‘पंतप्रधानाला’ असं उत्तर आलं असेल, तर जरा थांबा. मतदान यंत्रावर पंतप्रधानपदाचं बटण नसतंच. आपण निवडतो तो आपल्या मतदारसंघाचा खासदार.

मग पंतप्रधान येतो कुठून? राज्यघटनेचं कलम 75 सांगतं, की त्याची नेमणूक राष्ट्रपती करतात. पण मनाला येईल त्याला नाही. लोकसभेत ज्याच्यामागे बहुमत उभं राहील, त्यालाच बोलवावं लागतं. याच कलमात पुढे म्हटलंय, की मंत्रिपरिषद सामूहिकपणे लोकसभेला जबाबदार असेल. सगळा खेळ इथेच आहे.

17 एप्रिल 1999 चा दिवस बघा. अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला होता. वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. बाजूने 269, विरोधात 270. एका मताने देशाचं सरकार पडलं! विरोधात मत देणाऱ्यांत सैफुद्दीन सोझ होते. त्यांनी नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश मोडला, आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं.

आता दुसरी बाजू. बहुमत पक्कं असेल, तर हाच पंतप्रधान प्रचंड ताकदवान असतो. मंत्री कोण, कुठलं खातं कोणाकडे, कोणाला नारळ द्यायचा, हे तोच ठरवतो. त्याने राजीनामा दिला, की अख्खं मंत्रिमंडळ जातं.

त्यात 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. व्हिप मोडून मत दिलं, तर खासदारकी जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा म्हणून हा कायदा आला, हेतू चांगलाच होता. पण परिणाम काय झाला? एकाच पक्षाचं बहुमत असेल, तर स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध मत द्यायला त्या पक्षाचा खासदार सहसा धजावत नाही. म्हणजे घटनेने लगाम ज्याच्या हाती दिला, त्याचेच हात बांधलेले!

तरी प्रश्न विचारायला कोणी अडवलेलं नाही. तुमच्या खासदाराने काय काय विचारलं, ते लोकसभेच्या वेबसाइटवर दिसतं. फोन हातात आहेच, आज पाच मिनिटं काढून बघा. कारण पंतप्रधानाला जाब विचारायला आपण ज्याला पाठवलंय, तो हाच माणूस.

भेटू पुढच्या भागात!