मालमोटारीची तहान



आपल्या घरीं येणारा गूळ, भाजी, सिमेंटचें पोतें किंवा औषधाची बाटली, यांपैकीं बहुतेक सर्व वस्तु कधीं ना कधीं मालमोटारीच्या पाठीवर बसून आलेल्या असतात. त्या सर्वच गाड्या नव्या कोऱ्या नसतात. पंधरा-वीस वर्षें राबलेल्या गाड्याही रस्त्यावर पुष्कळ आहेत. अशा जुन्या गाडीस जडणारा एक अगदीं साधा दिसणारा विकार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. तो विकार म्हणजे तिच्या इंजिनांतील पाणी नकळत कमी होत जाणें. मी कांहीं मोटारीचा मेस्त्री नव्हें. शाळेंत अंकगणिताचे आणि शास्त्राचे पाठ देण्यांतच माझी हयात गेली. परंतु हा विकार शोधून काढण्यास हत्यारांपेक्षां त्या पाठांचाच उपयोग अधिक होतो, असें मला आढळून आलें.

प्रथम हें पाणी तेथें कशासाठीं असतें तें पाहूं. इंजिनांत जळणाऱ्या तेलापासून जी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानानें एक-तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती वाहून नेली नाहीं, तर थोड्याच वेळांत दट्टे सिलिंडरांत जखडून बसतील. म्हणून त्या भिंती पोकळ ठेवून त्यांतून पाणी खेळवितात. पंप हें पाणी फिरवितो आणि पुढच्या बाजूच्या रेडिएटरांत, म्हणजे बारीक नळ्यांच्या जाळींत, तें वाऱ्यानें निवतें. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १९०० सालीं पहिल्या मर्सिडीज गाडीसाठीं जो रेडिएटर केला, त्यांत आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या होत्या! नळ्या, सांधे आणि रबरी पाइप इतके असल्यावर पाण्यास पळून जाण्यास वाटा किती, याची कल्पना आपणांस येईल.

माझ्या पुतण्याची एक जुनी मालमोटार आहे. कोल्हापुराहून गूळ-साखर घेऊन ती रत्नागिरीकडे उतरते आणि परततांना जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढते. पुतण्याचें आणि तिच्या चालकाचें, अशीं दोन कुटुंबें तिच्यावर जगतात. गेल्या हिवाळ्यांत या गाडीस विलक्षण तहान लागूं लागली. घाटमाथ्यावर पोंचेपर्यंत उष्णतेचा कांटा तांबड्या रेषेस टेके आणि एका फेरींत पांच लिटरांचा डबा रिकामा होई. मुक्कामावर मात्र गाडीखालची जमीन ठणठणीत कोरडी! रेडिएटर दोन वेळां उतरवून झाळून आणला. दोन फेऱ्यांचें भाडें बुडालें, पण पाणी जावयाचें तें जातच राहिलें.

अशांतच एके दिवशीं घाटमाथ्यावर क्लीनरच्या पोरानें घाईघाईनें रेडिएटरचें झांकण फिरविलें आणि उसळलेल्या वाफेनें त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला. हें कां घडतें, तें सर्वांनीं समजून घ्यावें. रेडिएटरचें झांकण म्हणजे साधें बूच नव्हे. तें आंत दाब राखतें. चौरस इंचास सात पौंड दाब असला, तर पाणी १०० ऐवजीं सुमारें १११ अंशांवर उकळतें. आंतील पाणी १०५ अंशांवर शांत दिसत असलें, तरी झांकण निघतांच दाब नाहींसा होतो आणि तेंच पाणी एका क्षणांत उकळून बाहेर झेप घेतें. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावें. वरचा रबरी पाइप हातांत सुखानें धरतां येऊं लागला, कीं मगच जाड फडकें घेऊन झांकण सावकाश फिरवावें.

त्या प्रसंगानंतर पुतण्या माझ्याकडे आला. "काका, नवा रेडिएटरच घेऊन टाकूं का?" असें तो विचारूं लागला. चालकाचें मत निराळें होतें. "गुरुजी, गाडी म्हातारी झाली. आतां पाणी पाजीत पाजीतच चालवायची." मी दोघांनाही इतकेंच म्हटलें, "पाणी कुठून जातें तें आधीं मला दाखवा. चोर कुठून शिरतो हें ठाऊक नसतां कुलूप कोणत्या दाराला लावणार?"

पाणी जाण्याच्या वाटा तीनच आहेत. तें बाहेर गळतें, इंजिनाच्या आंत शिरतें किंवा झांकणावाटे वाफ होऊन उडतें. आंत शिरत असेल, तर वंगणाचें तेल दुधाच्या चहासारखें दिसूं लागतें, धुराड्यांतून पांढरी वाफ सतत येते आणि रेडिएटरांत बुडबुडे उठतात. यांपैकीं एकही लक्षण नव्हतें. झांकणाची रबरी चकती शाबूत होती आणि स्प्रिंगही ताठ होती. तेव्हां पाणी बाहेरच गळत होतें. मग तें जमिनीवर कां दिसेना?

येथें थोडें गणित केलें. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर पांच लिटरांचे एक लाख थेंब होतात. फेरींत इंजिन आठ तास चालतें असें मानिलें, तर सेकंदास साडेतीन थेंबांहून अधिक गळावयास नको. एवढें पाणी तापलेल्या लोखंडावर पडलें, तर जमिनीपर्यंत पोंचण्याच्या आधींच वाळून जाईल. म्हणजे ओल शोधण्यांत अर्थ नव्हता. वाळलेल्या पाण्याचा डाग शोधावयास हवा होता.

रविवारीं सकाळीं, इंजिन थंड असतां, तें धुऊन पुसून कोरडें केलें. शहरांतील एका कारखान्यांतून दाब देण्याचा हातपंप आणला. तो झांकणाच्या जागीं बसवून सात पौंड दाब दिला आणि पंधरा मिनिटें वाट पाहिली. कांटा जागचा हलला नाहीं. जें भांडें स्थिर असतां गळत नाहीं आणि चालतांना गळतें, त्याचें छिद्र बहुधा हलणाऱ्या भागापाशीं असावें. पाण्याच्या सर्व मार्गांत बाहेरून भिंत भेदून आंत जाणारा फिरता आंस एकच, तो पंपाचा. तापल्यानें फांकणारा एखादा सांधाही असूं शकतो, म्हणून तेवढ्यावर निकाल दिला नाहीं. इंजिन चालू करून, पंख्यापासून अंतर राखून, आरसा आणि विजेरी यांच्या साहाय्यानें पंपाची खालची बाजू न्याहाळली. तेथें वाटाण्याएवढें एक भोंक असतें. त्यांतून थेंब येत होते आणि पंख्याचा वारा ते मागें इंजिनावर उडवीत होता. तेथें पांढरट-तांबूस खारांचा एक नवा ओघळ उमटूं लागला होता. इंजिन बंद करून पंख्याचें पातें हलवून पाहतां आंस खिळखिळा झाल्याचेंही कळलें.

हें भोंक गाडी करणारानें मुद्दामच ठेविलेलें असतें. आंसाभोंवतींचें सील झिजलें, कीं पाणी बेअरिंगांत न शिरतां त्या वाटेनें बाहेर पडावें, हा त्याचा हेतु. तें बुजविणें म्हणजे ताप उतरत नाहीं म्हणून तापमापक फोडण्यासारखें आहे. मेस्त्रीनें अर्ध्या दिवसांत पंपास नवें सील आणि नवें बेअरिंग घातलें, कडक झालेले दोन रबरी पाइप बदलले आणि पट्ट्याचा ताण नीट केला. दोन वेळां झाळलेला तो बिचारा रेडिएटर निर्दोषच होता.

चालकमंडळी गळक्या रेडिएटरांत हळद टाकतात, हें आपण ऐकलें असेल. हळद फुगून बारीक छिद्र कांहीं काळ बुजतें, हें खरें. पण तीच हळद बारीक नळ्याही तुंबविते. पुढचें गांव गांठण्यापुरताच तो उपाय ठीक. विहिरीचें जड पाणीही घालूं नये, कारण त्याचे खार आंत सांचतात. शुद्ध पाण्यांत निम्में ग्लायकोलयुक्त द्रव मिसळावें. त्यानें गंज रोखला जातो आणि उकळणबिंदूही वाढतो. मात्र त्यांतील एथिलीन ग्लायकोल चवीस गोड आणि अत्यंत विषारी असतें. सांडलेलें द्रव कुत्र्या-मांजरांच्या वा मुलांच्या तोंडीं लागूं देऊं नये. तसेंच, तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतूं नये. त्यानें लोखंडास तडा जातो आणि मग थोडक्यांत भागणारें काम कित्येक महिन्यांची कमाई खाऊन टाकतें.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं जुनी मोटार असेल, त्यांनीं एक लहानशी वही गाडींत ठेवावी आणि पाणी घातलें, कीं तारीख, धांव आणि माप लिहावें. पाणी बंदिस्त असतें. तें वारंवार घालावें लागत असेल, तर कोठें तरी वाट झालीच आहे असें समजावें. पुतण्याच्या गाडींत ही वही आतां त्या क्लीनरच्या पोराकडे आहे. त्याचा हात बरा झाला; डाग मात्र राहिला आहे. पाण्याची पातळी तो रोज सकाळीं, इंजिन थंड असतां, पाहतो आणि गेल्या चार महिन्यांत त्यानें पाण्याच्या रकान्यांत शून्याखेरीज दुसरा आंकडा लिहिलेला नाहीं.