कडेवरचं भावंड

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, लोणार, कुठल्याही तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जा. दुसरी-तिसरीतली एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी दिसेल. आई दिवस उगवताच शेतात गेलेली असते. 'त्याला घरी सोडून ये,' असं आपण तिला सांगतो. घरी कुणीच नसतं, मग तीही परत येत नाही. तिची गैरहजेरी लागते आणि वर्गात दयेचा धडा सुरू होतो.

पण त्या वर्गात दया सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक होती? तिलाच. भाऊ भुकेनं रडतोय की झोपेनं, हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी अशा मुलींची अडचण ओळखली होती. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुली भावंडांपायी शाळेला मुकतात हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. मुलाच्या अडचणीला त्यांनी त्याचा दोष मानलं नाही. मला त्यांच्या साऱ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

कॅनडात मेरी गॉर्डन यांनी 1996 पासून एक उपक्रम चालवला आहे. त्यात वर्षभर ठरावीक दिवशी एक तान्हं बाळ आईसोबत वर्गात येतं आणि त्याला काय हवं असेल, हे मुलं ओळखायला शिकतात. आपल्याकडे ते बाळ रोज दाराशी येतं. त्याला आत घ्या. कोपऱ्यात एक गोधडी अंथरा.

दया शिकवताना बक्षिसांचा मोह मात्र टाळा. जर्मनीतल्या लाइपझिगच्या वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिलं, की दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाची पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली : मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढे मदत कमी करू लागली. चांगल्या वागण्याला चांदणी चिकटवण्याआधी हे आठवा.

तुमच्यापैकी काही जण जळगाव जामोद, संग्रामपूरकडे जाल. तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू बोलणारी मुलं आहेत आणि निहालीही बोलली जाते. निहालीचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे फार थोडे उरलेत. अशा एखाद्या लेकराला मराठी येत नाही म्हणून वर्ग हसला, तर ते आधी तुमच्याकडे बघेल. तुम्ही त्याच्याकडून पाणी, भूक, दुखतंय एवढे तरी शब्द शिकून घ्या, तेही सगळ्यांसमोर. गुरुजी विद्यार्थ्याकडून शिकताहेत हे पाहिलेला वर्ग त्याला सहसा हसत नाही.

आणखी एक, जड मनानं सांगतो. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भातला आपला जिल्हा आहे. बाप गेलेलं एखादं लेकरू तुमच्या वर्गात असू शकतं. पहिल्याच दिवशी भर वर्गात 'वडील काय करतात?' असं विचारू नका. आधीच्या शिक्षकांशी, अंगणवाडीताईंशी बोलून मगच वर्गात जा.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतील. पहिली पालकसभा संध्याकाळी ठेवा, आया निंदणाहून परतल्यावर. आजीलाही बोलवा आणि शक्य तिथे सभा शाळेऐवजी वस्तीवरच घ्या.