‘वगैरे’च्या मागावर



कर्जतहून निघालेली खोपोली लोकल पळसदरीला पुण्याची वाट सोडते. पुण्याच्या गाड्या घाटाला लागतात, आपली गाडी केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला टेकते. बसायला जागा मिळाली तर तेवढ्या वेळात कादंबरीची दहा-बारा पानं सहज होतात. माझं सांगणं एवढंच, की ती पुढे काय झालं यासाठी वाचू नका. एखादा शब्द धरा आणि त्याच्या मागे जा. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीची खूण करा. वाचनालयाचं असेल तर कागदाचा कपटा पुरे, पुढच्या वाचकाच्या शिव्या कशाला खायच्या?

यासाठी भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’सारखी दुसरी कादंबरी नाही. ती 1963 साली आली, तेव्हा लेखक पंचविशीचे होते, आणि नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचाच. पण तो आपलं वय सांगतो तेच मुळी ‘उदाहरणार्थ’ असा शब्द घालून! आता शाळेत आपण काय शिकलो? आधी नियम, मग उदाहरण. पांडुरंगाच्या बोलण्यात नियमाचा पत्ता नसतो, उदाहरणं मात्र येत राहतात. कशाची, ते तो सांगत नाही. बहुधा त्यालाही ते सापडलेलं नसतं. स्वतःचं वयसुद्धा त्याला पक्कं विधान म्हणून मांडवत नाही.

दुसरा शब्द ‘वगैरे’. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्या दप्तरांत शिरला. कारकुनाला यादी आवरती घ्यायला तो बरा पडतो. पांडुरंग त्याच शब्दाने मनातलं बोलणं आवरतं घेतो. काही जिव्हाळ्याचं निघू लागलं, की ‘वगैरे’ म्हणून मोकळा. एक शब्द मास्तरांच्या फळ्यावरचा, दुसरा कचेरीतल्या कागदावरचा. पुण्यात वसतिगृह, मेस, मंडळं असं सगळं करून परीक्षेत नापास होऊन गावी परतलेल्या मुलाच्या तोंडी नेमके हेच दोन शब्द बसावेत, यात मला मोठा खट्याळपणा दिसतो. पुढे या शब्दांची इतकी नक्कल झाली, की ती तेवढी लकबच वाटू लागली. हा अन्याय नकलाकारांनी केला, कादंबरीने नव्हे.

नुसती मोजदाद करून काही हाती लागत नाही. ती आता यंत्रही करील. शब्द कुठे दाटीने येतो, कुठे विरळ होतो, ते पाहायचं. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, ती पानं काढा. तिथे वाक्यं कशी तुटतात, आणि नायकाचे हे नेहमीचे दोन शब्द त्याच्या किती उपयोगी पडतात, ते पेन्सिल घेऊन तपासा. मी उत्तर सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही पानं उघडणार नाही.

‘कोसला’ झाली की गोनीदांची ‘जैत रे जैत’ घ्या. ती ठाकर आदिवासींची, म्हणजे आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांना ओळखीच्या माणसांची. तिच्यात ‘माशी’ हा शब्द धरा. मध देणारी माशी नायक नाग्याची वैरीण होते, तिथून पुढे तो शब्द त्याच्या तोंडी कसा बदलतो, ते बघा. तिथे समास पुरणार नाही, वही लागेल.